थॅडियसच्या एक्केचाळीस बरण्या

प्रल्हादकाकांचं नाक मेलं त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि मुलीच्या गावी, अमेरिकेतल्या श्रूजबरीत, ही बातमी अजून कुणालाही नव्हती.

ते नाक काही साधंसुधं नव्हतं. वाईजवळच्या एका आयुर्वेदिक आसवारिष्टांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काकांनी त्या नाकावर संसार केला. सुंठेचा ट्रक खंबाटकीच्या घाटात असतानाच काका कारखान्याच्या दारात उभे राहून म्हणायचे, "परत पाठवा, तिसऱ्या पोत्यात भेसळ आहे." ट्रक यायचा, तिसरं पोतं फोडलं जायचं आणि भेसळ निघायचीच. एकदा मालकांच्या सासूबाई पुण्याहून एसटीने निघाल्या होत्या. गाडी शिरवळला पोचली नव्हती तोवर काकांनी सांगितलं, बाईंच्या डब्यात गुळाच्या पोळ्या आहेत आणि खालून दुसरी करपलीय. यातलं किती खरं ते विचारायचं नाही. श्रूजबरीच्या मराठी मंडळात हे किस्से सुरू झाले की लोक जेवणाची रांग सोडून यायचे, आणि रांगेत पुढे श्रीखंड असायचं, एवढं लक्षात घ्या.

मग कोविड आला. काका आठ दिवस अंथरुणात होते. नवव्या दिवशी मुलीने, विनीताने, गवती चहा घालून केलेला कप हातात दिला. काकांनी तो तोंडाशी नेला आणि कपात नुसतं गरम पाणी होतं. गोड गरम पाणी. त्यांनी विनीताकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, काय वास सुटलाय."

तिथून सुरुवात झाली. घरात कुणी नसताना काका डबे उघडायचे. हिंगाच्या डबीत नाक खुपसून बसायचे, इतकं की शिंकून शिंकून डोळे लाल व्हायचे, पण वास काही यायचा नाही. कापूर, रॉकेलसारखं काहीतरी गराजमध्ये सापडलं ते, नातवाचे आइस हॉकीचे बूट. त्या बुटांनी गल्लीतलं कुत्रं तोंड फिरवायचं, पण काकांच्या नाकाला काही पत्ता नव्हता. वाईहून अणुतेल मागवलं, दोन्ही नाकपुड्यांत घालून उताणे पडले, तेल घशात उतरलं. देवाला नवस बोलून झाले. जिभेला गोड, कडू, खारट, आंबट कळत होतं. मिरी लागली की झोंबायची, पुदिना गार लागायचा. बाकी सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं झालं होतं.

ऑगस्टातल्या एका रविवारी विनीताने त्यांना बळंच गाडीत घातलं. "बाबा, वीकेंडला नुसतं खिडकीत बसता तुम्ही. मस्त ड्राइव्ह आहे, चला."

तासाभरावर एका टेकडीवर ख्रिस्ती साधूंचा मठ होता. दगडी इमारत, सात म्हातारे साधू, औषधी झाडपाल्याची बाग आणि फाटकाशी एक दुकान. दुकानात जॅम, मेणबत्त्या आणि हिरवट सोनेरी दारूच्या बाटल्या. या दारूची परंपरा साधूंच्या पूर्वजांनी युरोपातून बोटीने आणलेली. एक्केचाळीस मुळ्या, पाला, फुलं, साली कडक मद्यार्कात भिजवायच्या, मग भट्टीवर चढवायच्या, वर मध घालायचा. जेवणानंतर अंगठ्याएवढ्या पेल्यातून घ्यायची. मठाचं पोट त्या बाटल्यांवर चालत होतं. काकांनी बाटलीवरचा आकडा वाचला आणि तिथल्या तिथे तिचं बारसं केलं, एक्केचाळिशी.

बागेत चाकाच्या खुर्चीत एक हडकुळा साधू बसला होता आणि त्याच्या मांडीवरच्या टोपलीतल्या ओल्या मुळ्या रणरणत्या उन्हात होत्या. काकांना राहवेना.

"उन्हात नाही, ब्रदर," ते आपल्या इंग्रजीत म्हणाले. "सावलीत. उन्हात मुळीचं लाकूड होतं."

"मला ठाऊक आहे," साधू म्हणाला. "पण मला ढकलणारा झाडाखाली झोपलाय."

हे ब्रदर थॅडियस. काकांनी त्यांना सावलीत ढकललं. थॅडियसबुवांनी एक मुळी पुढे केली. काकांनी ती मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले. ही जुनी सवय होती, बाकी काही नाही. मग ती दाताखाली धरली. कडूजहर.

"ही आमच्या किराइताची मावसबहीण दिसते," काका म्हणाले.

थॅडियसबुवांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बुडणारा माणूस फळकुटाकडे बघतो. आणि तेवढ्यात विनीता आली नि तिने सांगून टाकलं, "माझ्या बाबांचं नाक म्हणजे लेजंड आहे." खंबाटकीचा ट्रक तिने इंग्रजीतून घाटावर चढवला आणि उतरवला. बुवा ऐकत होते. काकांना बोलायला दोन सेकंद लागले असते. ते दोन सेकंद त्यांनी मान डोलावण्यात घालवले.

मठाधिपती फादर डॉमिनिक यांनी मग बसवून सगळं सांगितलं. एक्केचाळिशीची कृती कुठे लिहिलेली नव्हती आणि बोलायचीही नव्हती. एका वेळी एकालाच ठाऊक, आणि तोही ती दुसऱ्या एकालाच द्यायचा, नाकातून नाकात. बरणी उघडायची, हुंगवायचं, मिसळायचं, परत हुंगवायचं. वास जमला की पुढे. थॅडियसबुवांनी एकाला पाच वर्षं शिकवलं होतं. तो एकसष्टाव्या वर्षी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईशी लग्न करून निघून गेला. आता बुवांच्या पोटात कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी थँक्सगिव्हिंगपर्यंतचा, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंतचा, वायदा केला होता. उरलेल्या सहांपैकी कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचे हात थरथरत होते, नाक धड असलेला एकही नव्हता. युरोपातल्या मुख्य मठाचं पत्र आलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या आत नव्या हाताची दारू बाटलीत दिसली तर ठीक, नाहीतर नाताळात मठ बंद आणि सहा म्हातारे सहा वेगवेगळ्या वृद्धाश्रमांत. त्यासाठी बाहेरचा माणूस घ्यायची परवानगीही त्यांनी देऊन टाकली होती.

"आमची शपथ असते," फादर म्हणाले, "आलो तिथेच मरायचं. एकत्र."

काकांनी घरी जाताना गाडीत विचार केला, उद्या फोन करून नाही म्हणू. उद्या विनीता ऑफिसला गेली होती, परवा फोन सापडेना, तेरवा मठाची व्हॅन दारात उभी राहिली.

बरण्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. एक्केचाळीस मातीच्या बरण्या, कशावरही नाव नाही, नुसते आकडे. थॅडियसबुवा झाकण काढायचे आणि बरणी काकांच्या नाकाखाली धरायचे.

"आला?"

"आला," काका म्हणायचे.

मग ते एक चिमूट जिभेवर ठेवायचे. बुवांनी भुवई उंचावली तेव्हा काकांनी ठोकून दिलं, "आमच्याकडे जिभेला विचारल्याशिवाय नाक कामाला लागत नाही. जुनी शिस्त आहे." बुवांनी ते मानलं. साधू माणूस, त्याला कुणी असं तोंडावर खोटं बोलेल हे सुचतच नव्हतं.

काका मोरीत जाऊन, कडी लावून, शर्टाच्या खिशातल्या वहीत मराठीत टिपून ठेवायचे. सात नंबर: खसखशीसारखा बारीक, जीभ गार. सतरा नंबर: बोटात कुरकुरतो, जीभ बधिर. तेवीस: दवण्याचा दादा, कडू, घशापर्यंत जातो. एक्केचाळिसांची हजेरी अशी लागत गेली. पण प्रमाणाचं काय करणार? बुवा मुठीने टाकायचे आणि ढवळून विचारायचे, "आता? ओल्या पायरीसारखा आला?" काका म्हणायचे, आला. "आता त्याच्यात थोडं ऊन शिरलं?" शिरलं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, टेकडीवरची झाडं लालभडक झाली, आणि काका रोज चाळीस-पन्नास वेळा आला म्हणत राहिले. बुवा दर आठवड्याला खुर्चीत थोडे कमी दिसत होते. काका रोज ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि बुवा रोज त्यांचा हात धरून म्हणायचे, "तू आलास म्हणून मी झोपू शकतो."

त्यानंतर कोण काय सांगणार.

ऑक्टोबरात काकांनी स्वतःच्या हाताने पहिलं पिंप भरलं. तळघरात, एकट्याने, अशी रीतच होती. सगळं घातलं, मद्यार्क ओतला. "किती दिवस ठेवायचं?" त्यांनी विचारलं होतं. बुवा म्हणाले, "नाक सांगेल."

नाकाने काही सांगितलं नाही. अठरा दिवस काका रोज तळघरात उतरायचे, पिंपाचं झाकण काढून वाकायचे आणि छातीभर श्वास घ्यायचे. एकोणिसाव्या दिवशी वरून निरोप आला, बुवांना आता बसता येत नाही, पिंप तयार आहे का विचारताहेत. काका पिंपापाशी उभे राहिले. सांगायला तर हवं होतं, तयार की नाही. आणि माणसाला काहीच सुचेनासं झालं की हात जुनं काम करायला लागतात, तसे त्यांचे हात लागले.

अरिष्ट मुरलं की नाही हे बघायची कारखान्यातली पद्धत अशी. आधी भांड्याला कान लावायचा. आत सुळसुळ चालू असेल तर अजून वेळ आहे. मग काडी पेटवून भांड्याच्या तोंडाशी धरायची. विझली तर कच्चं. जळत राहिली तर झालं. छत्तीस वर्षांत काकांनी अशा लाखभर काड्या ओढल्या असतील. त्यांनी पिंपाला कान लावला. आत शांत होतं. देवघरातली काडेपेटी खिशात असायची, ती काढली आणि काडी ओढली.

काडी विझली नाही. तळघर मात्र पेटलं.

कडक मद्यार्काच्या तोंडाशी काडी धरल्यावर जे होतं ते झालं. निळी जीभ छतापर्यंत गेली, तिथून वळून फळीवर आली. फळीवर मागच्या वर्षाच्या बाटल्या होत्या, थॅडियसबुवांच्या हातच्या शेवटच्या अकरा, दुकानातल्या संपल्यावर उरलेल्या. त्या एकेक करून फुटल्या. काकांच्या भुवया, मिशी आणि कपाळावरचे उरलेसुरले केस एका झटक्यात गेले. ते जिन्याने वर आले तेव्हा प्रार्थनागृहाच्या कोपऱ्यातल्या संगमरवरी संताच्या पुतळ्यासारखे दिसत होते, फक्त काळे.

वर दुपारची प्रार्थना चालू होती आणि त्या वेळी मठात बोलायला बंदी असते. खिडकीतून धूर पहिल्यांदा ज्या साधूला दिसला त्याने नियम मोडला नाही. मठात हाताच्या खुणांची भाषा आहे, तिच्यात त्याने फादर डॉमिनिकना आगीची खूण केली. फादरांचे डोळे मिटलेले होते. त्याने परत केली. तो तिसऱ्यांदा करत होता तोवर काकाच आत आले आणि त्यांनी मराठीत सांगितलं. भाषा कुणाला कळली नाही, पण खुणेची गरज उरली नव्हती. गावातले स्वयंसेवक बंबवाले आले, पाण्याने तळघर भरून गेले. कुणी मेलं नाही. पिंप, बाटल्या आणि जिन्याची खालची चार पावलं तेवढी गेली.

थॅडियसबुवांनी काकांना बोलावून घेतलं. ते पलंगावर उशांना टेकून होते.

"काडी का ओढलीस?"

"त्याचं असं झालं," काका म्हणाले, आणि एक सुंदर गोष्ट त्यांच्या तोंडात तयार झाली, तळघरातला दिवा, उंदीर, वीज. ती गोष्ट त्यांनी गिळली.

"त्या खोलीत पाय ठेवला तरी डोळ्यांत पाणी येतं, इतका वास असतो," बुवा म्हणाले. "पिंपाचं झाकण उघडं. आणि तू काडी ओढलीस."

"मला वास येत नाही, ब्रदर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

बुवांनी उशीवरून मान किंचित उचलली. मग त्यांनी विचारलं, "मग रोज आला, आला म्हणत होतास, ते?"

"ते मी म्हणत होतो."

बुवांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अठ्ठावन्न वर्षं प्रार्थनेच्या वेळचं मौन पाळलेला माणूस होता तो, पण हे मौन त्यातलं नव्हतं.

फादर डॉमिनिक रागावले नाहीत, त्यामुळे काकांना जास्त लागलं. "घरी जा," एवढंच ते म्हणाले. काका गेले नाहीत. बुवांच्या खोलीबाहेर एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर बसून राहिले. संध्याकाळी विनीता आली. वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून आधी तिला हसू आलं, मग रडू.

"बाबा, दोन वर्षं? मला का नाही सांगितलंत?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं. अपॉइंटमेंट घेतली असती, टेस्ट केल्या असत्या."

"आणि तो म्हणाला असता, आता येणार नाही. मग मी काय करायचं होतं?"

विनीता शेजारी बसली. "चला घरी. दे विल मॅनेज."

"नाही जमणार त्यांना," काका म्हणाले. "सहा जण आहेत. सहा गावांना जातील. मी बघितलीय ती यादी, फादरांच्या टेबलावर होती. एक तर कुठेतरी फ्लोरिडात आहे."

"मग तुम्ही इथे बसून काय करणार?"

"तेच कळत नाहीये. पण उठवत पण नाहीये."

ती रात्री उशिरा एकटीच परत गेली. काका दोन दिवस त्या खुर्चीवर होते. कुणी सूप आणून द्यायचं, कुणी घोंगडी. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला.

"तू जिभेवर ठेवायचास," थॅडियसबुवा म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता. "ते कशासाठी?"

काकांनी खिशातून वही काढली. दोन शतकांत न लिहिलेलं त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे हे दुसरं पाप. ते वही पुढे करून मान खाली घालून उभे राहिले.

"वाच."

"मराठीत आहे."

"मग सांग."

काका सांगत गेले. सात नंबर, जीभ गार. बारा नंबर, चघळला की सुतासारखा, मग एकदम गोड. सतरा नंबर, बोटात कुरकुरतो, जिभेचं टोक बधिर.

"टोक नाही," बुवा म्हणाले. "कडा. टोक बधिर झालं तर तो जुना झालाय, फेकून दे. आण ती बरणी."

अकरा दिवस हे चाललं. नाक बाजूला ठेवून त्या दोघांनी एक्केचाळिशी परत पहिल्यापासून मांडली. कुठली साल मोडताना आवाज करते आणि कुठली मुकाट वाकते. कुठलं फूल तळहातावर चोळलं की तेलकट लागतं. पान पिंपात किती दिवस? चिमटीत धरल्यावर विरघळलं पाहिजे तेवढे दिवस, बहुतेक एकवीस. बुवांना मॉर्फिन चालू होतं. मधेच झोपायचे, मधेच आईशी बोलायचे, मधेच डोळे उघडून विचारायचे, "कुठे होतो आपण?" "तेविसावर," काका म्हणायचे. जिभेवर ठेवलेलं बुवांना आता गिळता येत नव्हतं, काका ओल्या फडक्याने त्यांची जीभ पुसून घ्यायचे आणि पुढची चिमूट ठेवायचे.

प्रमाणावर गाडी अडली. बुवांचं माप म्हणजे मूठ. आणि ती मूठ आता लहान मुलाएवढी झाली होती.

"ही माझी मूठ नाही," बुवा हात वर धरून म्हणाले, जणू कुणी बदलून नेली होती. ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले. काका खोलीतून बाहेर गेले, बागेच्या शेडमध्ये जाऊन बुवांचा चामड्याचा जुना हातमोजा घेऊन आले. तो बुवांच्या चांगल्या दिवसांतल्या हातावर ताणून ताणून बसलेला होता. काकांनी त्यात तांदूळ भरले, प्रत्येक बोट ठासून, मनगटाशी दोरा बांधला. तांदळाचा तो जाडजूड हात त्यांनी बुवांच्या छातीवर ठेवला. बुवांनी चाचपून बघितला.

"अंगठा अजून जाड," ते म्हणाले.

त्या मोज्याच्या तळव्यावर काकांनी एकेक बरणी मापली आणि आपल्या किती मुठी होतात ते लिहिलं. एक्केचाळिसावी बरणी नोव्हेंबरच्या तीन तारखेला झाली. फादर डॉमिनिक दारात उभे होते. बुवा म्हणाले, "पिंप भर." काकांनी दुरुस्त केलेल्या तळघरात जाऊन पिंप भरलं. वर येईपर्यंत थॅडियसबुवा गेले होते.

एकवीस दिवसांनी पान चिमटीत विरघळलं. भट्टी लागली, मध पडला, हिरवट सोनेरी रंग आला. रंग काकांना दिसत होता, तेवढाच आधार. थँक्सगिव्हिंगला तीन दिवस होते. भोजनगृहात सहा छोटे पेले भरले आणि साधू रांगेने बसले, सहावा लिओ नावाचा, त्र्याण्णव वर्षांचा, तो वर आपल्या अंथरुणातच होता. त्याचा पेला झाकून ठेवला.

पाच जणांनी घोट घेतला. काका आळीपाळीने पाची तोंडांकडे बघत होते. एकाने डोळे मिटले. एकाने पेला उजेडात धरला. एकाने खालच्या लाकडी टेबलावरची रेघ नखाने साफ केली.

"हे आमच्या मठाचं पेय आहे," फादर डॉमिनिक म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

जन्मभर गोष्टी रचलेल्या माणसाला रचलेलं वाक्य लगेच कळतं. फादर म्हणाले नव्हते की हे तेच आहे. हे लोक खोटं बोलत नाहीत, आणि हे लोक एकमेकांना सोडून जात नाहीत. दोन्ही शपथा होत्या, आणि त्या वाक्यात दोन्ही कशाबशा मावल्या होत्या. ताडून बघायला जुनी बाटलीही उरली नव्हती, ती काकांनीच फोडली होती. ती चव खात्रीने ओळखणारी जगात सहाच माणसं, आणि त्यांतल्या पाचांना ठाऊक होतं की आपलं छप्पर त्या एका घोटावर टेकलंय.

सहावा राहिला होता. मठ बंद होणार हे लिओला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगून समजण्यापलीकडे तो गेला होता. काका झाकलेला पेला घेऊन जिना चढले. त्यांनी लिओला टेकवून बसवलं, पेला ओठांना लावला. लिओने घोट घेतला, तोंडात फिरवला.

"तेच आहे का, ब्रदर?"

"नाही," लिओ म्हणाला.

"थॅडियसचं? जुनं?"

"नाही."

त्याने पेला ओढून घेतला, संपवला, आणि तळाला राहिलेला थेंब बोटाने पुसून बोट चोखलं. काका त्या बोटाकडे बघत राहिले.

"आणखी देऊ?"

"नाही," लिओ म्हणाला आणि पेला पुढे केला.

दारात फादर डॉमिनिक उभे होते. "तो सगळ्यालाच नाही म्हणतो," ते म्हणाले. "सूपाला, आंघोळीला. काल त्याला त्याचंच नाव घेऊन तूच ना असं विचारलं, तेव्हाही नाही म्हणाला."

"फादर," काका म्हणाले, "एकदाच विचारतो. खरं सांगा. हे तेच आहे?"

फादरांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. अगदी नीट बघितलं. मग म्हणाले, "जेवणाची घंटा व्हायची वेळ झाली."

आणि त्यांनी झग्यातून एक कागद काढला. मुख्य मठाला जायचं पत्र होतं. ब्रदर थॅडियस यांनी दिलेली कृती मी पूर्ण घेतली आहे, खाली सही. सही काकांची हवी होती. साधूंपैकी कुणाचीही चालली नसती, आणि का चालली नसती ते दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी पत्र भिंतीला लावून धरलं. आयुष्यात त्यांना थाप मारायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. खाली कुणीतरी खोकत होतं, बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. चार म्हाताऱ्यांची जेवायला बसायची गडबड. काकांनी सही केली. आधी इंग्रजीत, मग हात थांबेना म्हणून खाली मराठीतही.

फादरांनी कागद घडी घालून झग्यात ठेवला. "पुढच्या वर्षीही असंच कर," ते हळू म्हणाले. "अगदी जसं या वर्षी केलंस तसंच. एक चिमूटही बदलू नकोस."

घंटा झाली. भोजनगृहात थॅडियसबुवांची खुर्ची ओढून ठेवलेली होती. पाची जण आपापल्या ताटांकडे बघत होते. काका त्या खुर्चीत बसले. समोर वाडगा आला, त्यातून वाफ निघत होती. काकांनी वाकून श्वास घेतला, अगदी पोट तटतटेपर्यंत, आणि कुणी बघतंय का ते न बघता परत एकदा घेतला.

सूप कशाचं होतं कुणास ठाऊक. गरम होतं.